श्रमदान आणि वाफसा

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार नुकताच पार पडला. त्यांपैकी बहुतेक मुले-मुली उद्या कचेऱ्यांत, बँकांत आणि संगणकाच्या कंपन्यांत जातील. त्यांच्या आईवडिलांच्या मुद्रेवरील समाधान पाहून आम्हांस आमच्या वडिलांची आठवण झाली, आणि आजचा विषय त्या आठवणीशीच निगडित आहे. विषय म्हटला तर लहान आहे. कचेरीत काम करणाऱ्या माणसांनी सुटीच्या दिवशी एकत्र जमून एखाद्या सामूहिक भाजीबागेत श्रमदान करावे काय, आणि करावयाचे तर ते कसे करावे, एवढाच. तथापि या लहान विषयात आमच्या हातून एक मोठी चूक घडली. ती परक्यांपुढे सांगण्यापेक्षा आपल्या माणसांपुढे कबूल करावी, असे बरेच दिवस मनात होते.

आम्ही पुण्यातील एका खाजगी कंपनीच्या कर्मचारी विभागात नोकरी करतो. आपल्यापैकी अनेकांस ठाऊक असेल की, 2013 च्या कंपनी कायद्याने ठराविक मर्यादेवरील कंपन्यांस आपल्या सरासरी नफ्याचा दोन टक्के भाग समाजकार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले, आणि 1 एप्रिल 2014 पासून ते अमलात आले. कायदा पैशापुरता आहे. नोकरांनी हातात कुदळ घ्यावी असे तो कोठेही सांगत नाही. परंतु पैशाच्या मागोमाग माणसांनीही जावे, ही कल्पना त्याच काळात सर्वत्र रूढ झाली. ऑक्टोबरच्या 2 ते 8 तारखांस ‘दान उत्सव’ साजरा होतो; त्या सप्ताहात आणि एरवीही कचेऱ्यांतील मंडळी शाळांच्या भिंती रंगवितात, झाडे लावितात, भाजीच्या वाफ्यांत राबतात. हेतू चांगला आहे, याविषयी आमच्या मनात संशय नाही. हेतू चांगला असूनही काम कसे बिघडते, हेच सांगावयाचे आहे.

श्रमदान ही काही परक्या मुलखातून आलेली वस्तू नव्हे. गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गावेच्या गावे झाडली. सेनापती बापटांनी रस्ता झाडण्यात कमीपणा मानिला नाही. 1965 साली देशात अन्नधान्याची टंचाई असता पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आपल्या दिल्लीतील निवासस्थानाच्या हिरवळीवर नांगर फिरवून धान्य पेरिले, हे सर्वश्रुत आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील नागरिकांनी घरांची अंगणे, शाळांची मैदाने आणि कारखान्यांच्या मोकळ्या जागा खणून लक्षावधी भाजीबागा उभ्या केल्या होत्या. आणि आपल्या घरचेच उदाहरण द्यावयाचे तर महात्मा जोतीराव फुले यांचे द्यावे लागेल. 1883 साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात त्यांनी सरकारास अशी सूचना केली होती की, लष्करात आणि पोलिसांत जी माणसे रिकामी असतील त्यांच्याकडून जागोजागी ताली आणि बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पावसाचे पाणी व खत शेतात जिरेल. पगारी माणसाने फावल्या वेळात मातीची सेवा करावी, हा विचार इतका जुना आहे. फरक इतकाच की, जोतीरावांस माती कळत होती. त्यांचे घराणे फुलांचा आणि भाजीचा धंदा करणारे, आणि मांजरीस कालव्याच्या पाण्यावर त्यांनी स्वतः बागायत केली होती. आम्हांस माती कळत होती काय, हा प्रश्न पुढे येणार आहे.

आता बागेविषयी सांगतो. पुण्याच्या पूर्वेकडील एका वस्तीलगत पाच गुंठ्यांची पडीक जागा होती. वस्तीतील तीस-बत्तीस कुटुंबांनी तेथील कचरा उचलून चोवीस वाफे पाडले. वाफा साडेतीन फूट रुंदीचा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचावा आणि वाफ्यात पाय घालण्याची वेळ येऊ नये. मेथी, पालक, कोथिंबीर, वांगी, टोमॅटो, कुंपणावर दोडका आणि कारले. टोमॅटोच्या कडेने झेंडू. निघालेली भाजी कुटुंबांत वाटली जाई, आणि पालेभाजीचा एक वाटा शेजारच्या अंगणवाडीस जाई. माणसाने दिवसाकाठी किमान 400 ग्रॅम भाज्या व फळे खावीत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या वस्तीतील मुलांच्या ताटात जे काही हिरवे पडत असे, ते बहुतांशी या पाच गुंठ्यांतले असे.

बागेचा सर्व भार एका बाईंवर होता. 2016 साली लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी पुरवावे लागले, त्या वर्षी त्या मराठवाड्यातील आपले गाव सोडून पुण्यास आल्या होत्या. सकाळी चार घरची धुणीभांडी करावयाची आणि उरलेला वेळ बागेस द्यावयाचा, असा त्यांचा क्रम. सर्वजण त्यांस मावशी म्हणत. त्या आपल्या ज्ञातीच्या नाहीत, हे येथेच सांगून ठेवितो. त्याचे कारण पुढे येईल.

आमच्या कचेरीने जुलैतील एक शनिवार श्रमदानासाठी ठरविला. ठरविला तो एप्रिलमध्ये. दोन बसगाड्या, बासष्ट माणसे, सर्वांस एका रंगाचे सदरे, एक मोठा फलक आणि एक छायाचित्रकार, अशी सिद्धता झाली. सारी व्यवस्था आमच्याकडेच होती. नेमके त्या शनिवारापूर्वी तीन दिवस पावसाने झोडपले. शनिवारी पाऊस उघडला, ऊन पडले, आणि आम्हांस वाटले, दैव अनुकूल आहे. आम्ही बागेच्या फाटकाशी उतरलो तेव्हा मावशी पुढे आल्या आणि हात जोडून म्हणाल्या, “साहेब, आज वाफ्यात पाय नका घालू. वाफसा नाही. दोन-तीन दिवस ऊन खाऊ द्या जमिनीला.”

आम्ही उत्तर दिले, “मावशी, गाड्या ठरल्या आहेत, माणसे आली आहेत. पुढचा शनिवार आम्हांस मिळणार नाही.”

आमच्या बसचा चालक फाटकाशीच उभा होता. तोही शेतकऱ्याचा मुलगा. तो हळूच म्हणाला, “साहेब, बाई म्हणतात ते खरं आहे.” त्याच्याकडे आम्ही लक्ष दिले नाही. चालकास कोण विचारतो?

मित्रहो, वाफसा म्हणजे काय, हे या सभागृहातील वडीलधाऱ्यांस सांगणे म्हणजे सूर्यापुढे काजवा मिरविणे होय. परंतु तरुणांसाठी सांगितले पाहिजे. पावसाने जमीन भिजली की मातीच्या कणांमधील साऱ्या पोकळ्या पाण्याने भरून जातात. मग जादा पाणी खाली निचरून जाते, पोकळ्यांत पुन्हा हवा शिरते, आणि ओल व हवा यांचा जेथे मेळ बसतो ती जमिनीची अवस्था म्हणजे वाफसा. मूठभर माती घेऊन दाबावी. तिचा लाडू झाला आणि बोटाने टोचूनही तो फुटला नाही, तर वाफसा नाही. टोचताच भुरभुर सुटला, तर वाफसा आला. वाफसा नसता काळ्या जमिनीत पाय घातला तर पोकळ्या दबून बंद होतात, आणि ऊन पडताच त्या मातीची वीट होते. मुळांस हवा मिळत नाही, आणि बियाण्याचा कोंब ती वीट फोडून वर येऊ शकत नाही.

बासष्ट माणसे तीन तास त्या बागेत वावरली. उत्साह दांडगा होता. कोणी वाफ्यात उभे राहून वांग्याची रोपे लावीत होते, कोणी रोपे शेंड्यापर्यंत चिखलात पुरीत होते. चार दिवसांपूर्वी उगवलेली मेथी तण समजून काहींनी उपटली आणि उरलेली पायदळी गेली. अकरा वाजता फलक धरून छायाचित्र झाले, फराळ झाला, आणि गाड्या परतल्या. कचेरीच्या मुखपत्रात त्या दिवसाचे वृत्त आम्हीच लिहिले. बासष्ट माणसे आणि तीन तास यांचा गुणाकार करून ‘186 तासांचे श्रमदान’ असा मथळा आम्हीच दिला.

पंधरा दिवसांनी त्या छायाचित्राची चौकट बागेस भेट देण्यासाठी आम्ही एकटेच गेलो. वाफ्यांस भेगा पडल्या होत्या. वांग्यांची बहुतेक रोपे मान टाकून वाळली होती. मेथीचे वाफे उघडे पडले होते. मावशी आणि वस्तीतील आणखी दोन बाया कुदळीने ढेकळे फोडीत होत्या. अंगणवाडीस दोन आठवडे पालेभाजी गेली नव्हती, आणि पुढील तीन-चार आठवडे जाणार नव्हती. कारण मेथी म्हटले तरी पेरल्यापासून ताटात येण्यास पंचवीस-तीस दिवस लागतात. ही चौकट कोठे ठेवावी, हे आम्हांस कळेना.

मावशी रागावल्या नाहीत. त्यांनी कुदळ टेकवून घाम पुसला आणि विचारले, “साहेब, तुमच्या आडनावावरून विचारते. तुमच्याकडं मळा होता का?”

आम्ही सांगितले की होता. हडपसरच्या बाजूस, कालव्याच्या पाण्यावर.

“मग वाफसा तुम्हांला माहीत असंल की,” एवढेच त्या म्हणाल्या आणि पुन्हा कामास लागल्या.

बंधुभगिनींनो, त्या वाक्याने आम्हांस रात्रभर झोप आली नाही. आमचे वडील रात्री दोन वाजता उठून मेथीच्या जुड्यांनी भरलेली बैलगाडी घेऊन मंडईस जात. 1886 साली बांधली गेलेली आणि पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने जोतीरावांचे नाव लाभलेली ती पुण्याची मंडई. लहानपणी आम्ही त्यांच्याबरोबर पाण्याचे दारे धरिले आहे. सकाळी ते वाफ्याच्या कडेला बसून मूठभर माती दाबून पाहात, हे आम्ही शेकडो वेळा पाहिले आहे. पण त्यांनीच आम्हांस सांगितले होते की, तुझ्या नखांत माती राहता कामा नये. त्यांनी आम्हांस शिकविले, कचेरीत बसविले. त्यांची ही इच्छा चुकीची होती, असे म्हणण्याचा कृतघ्नपणा आम्ही करणार नाही. मातीने त्यांस काय दिले होते हे त्यांनाच ठाऊक. परंतु नखांतील माती काढता काढता आम्ही मातीचे ज्ञानही धुऊन टाकिले, आणि कचेरीतील सहकाऱ्यांस आपले आजोबा भाजी विकीत हे वीस वर्षे सांगितले नाही, हा दोष वडिलांचा नव्हे, आमचा आहे.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही वरिष्ठांकडे जाऊन झाला प्रकार सांगितला. मुखपत्रातील 186 तासांमुळे बागेचा महिनाभराचा तोटा झाला, हे सांगण्यास जीभ रेटत नव्हती, पण सांगितले. त्यांच्यापुढे आम्ही तीन मागण्या ठेविल्या. वर्षातून एक दिवस साठ माणसे नेण्याऐवजी दर शनिवारी सकाळी दोन तास सहा-सात माणसे जावीत. कोणते काम करावयाचे हे आदल्या दिवशी मावशींनी सांगावे, कचेरीने नव्हे. आणि गाड्या, सदरे व फलक यांवर होणारा खर्च वाचवून त्यातून मावशींस शिकविण्याचे मानधन द्यावे. कारण त्या आमच्यासाठी जे दोन तास देतात ते त्यांच्या पोटाच्या धंद्यातून काढलेले असतात. वरिष्ठांनी थोड्या कुरकुरीनंतर मान्यता दिली. नावे मात्र बासष्टांपैकी अकराच आली, आणि त्यांतील आठ टिकली. नववा गडी म्हणजे तो बसचा चालक. त्यास बोलावण्यास आम्ही स्वतः गेलो.

पहिले दोन महिने आम्हांस वाफ्याजवळ जाऊ दिले नाही. रस्त्याकडेच्या झाडांचा पालापाचोळा गोळा करणे, तो ओल्या कचऱ्याबरोबर थरांनी रचणे, खताचा ढीग खालीवर करणे, घमेली वाहणे, खुरप्यांस मुठी बसविणे, दोडक्यासाठी मांडव बांधणे, एवढीच कामे. पाऊस असेल त्या शनिवारी ओसरीत बसून बी निवडावयाचे. धने पेरण्यापूर्वी ते रगडून दोन फाडी कराव्या लागतात, हे पुस्तकात वाचलेले असूनही हातांनी तेव्हा शिकलो. मग एका शनिवारी मावशींनी मूठभर माती आमच्या हातात ठेविली आणि म्हणाल्या, “बघा.” आम्ही दाबली, टोचली, माती भुरभुर सुटली. त्या दिवशी आम्हांस वाफ्याशी बसण्याची परवानगी मिळाली. पदवीदानाच्या समारंभातही आम्हांस इतके बरे वाटले नव्हते.

हळूहळू ज्याची विद्या त्याच्या उपयोगी पडू लागली. यंत्र विभागातील एकाने टाकीची गळती थांबविली आणि ठिबकच्या नळ्या जोडल्या. हिशेब विभागातील एका भगिनीने कोणत्या वाफ्यातून कधी, किती भाजी निघाली याची वही घातली. तीवरून पुढची पेरणी केव्हा करावी म्हणजे अंगणवाडीस खंड पडणार नाही, हे मावशींनीच ठरविले. संगणक विभागातील एक तरुण वांग्याचा माना टाकलेला शेंडा ओळखून खुडावयास शिकला, कारण त्या शेंड्यात अळी असते. आणि वैशाखात, जेव्हा श्रमदानाचे फलक कोठेही दिसत नाहीत, तेव्हा पाणी घालण्यास आमच्यातले सहाजण हजर होते. बाग जगते ती वैशाखात. जुलैत तर रानही हिरवे असते. पुढील आषाढापर्यंत एखाददुसरा आठवडा वगळता अंगणवाडीची भाजी चुकली नाही.

कचेरीतील मंडळींनी असे काम केल्याचे हे काही पहिलेच उदाहरण नव्हे. मुंबई बंदर विश्वस्त मंडळाच्या मध्यवर्ती उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी आपल्या सहकाऱ्यांसह 2002 च्या सुमारास भाजी आणि फळझाडांची बाग फुलविली. स्वयंपाकघरात रोज निघणारा ओला कचरा फेकून न देता त्याचीच माती केली. ते काम टिकले, कारण ते रोजचे होते, आणि करणारी माणसे त्याच छपराखाली राबणारी होती. याच्या मुळाशी कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी प्रयोग परिवाराच्या रूपाने दिलेली शिकवण आहे. थोड्या जागेत, आपल्या हातांनी, नीट निरीक्षण करून पिकवावे आणि आलेला अनुभव एकमेकांस सांगावा, असे ते म्हणत.

काहीजण विचारतील की, सुशिक्षितांनी फुकट राबून गरीब माळ्याच्या पोटावर पाय द्यावा काय? ही शंका रास्त आहे. आमचे उत्तर असे की, ज्या कामास रोज माणूस लागतो तेथे मजुरी देऊनच माणूस ठेविला पाहिजे. श्रमदान हे त्या माणसाची मजुरी वाचविण्यासाठी नसावे. त्याचे ओझे हलके करण्यासाठी आणि त्याच्याकडून शिकण्यासाठी असावे. ज्या श्रमदानानंतर बागेतील बाईस दुप्पट राबावे लागते, त्यास श्रमदान हे नाव शोभत नाही. दान घेणाऱ्याची गरज पाहून द्यावयाचे असते, देणाऱ्याची सवड पाहून नव्हे.

शेवटी आपल्या समाजाविषयी दोन शब्द. आपण बागायती करणाऱ्यांचे वंशज म्हणून अभिमान बाळगतो, आणि तो अस्थानी नाही. सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी घरदार सोडून कालव्याकाठी जाऊन ऊस पिकविला, आणि 1932 साली आपल्या मालकीचा साखर कारखाना स्थापून सोलापूर जिल्ह्यात माळीनगर वसविले, हा पराक्रम सामान्य नव्हे. परंतु तो त्यांच्या हातांचा पराक्रम होता, आडनावाचा नव्हता. ज्या बाईंनी आम्हांस वाफसा पुन्हा शिकविला त्या आपल्या ज्ञातीच्या नाहीत, हे आम्ही मघाशी मुद्दाम सांगितले ते याचसाठी. त्या दिवशी फाटकाशी कुळाने माळी आम्ही होतो, आणि विद्येने माळी त्या होत्या. विद्या जन्माबरोबर येत नाही, आणि सोडून दिली तर जन्मामुळे टिकतही नाही. ज्याच्या हातात खुरपे, त्याच्याजवळ ती राहते.

म्हणून सत्कार झालेल्या विद्यार्थ्यांस आमचे सांगणे एवढेच आहे. कचेरीत अवश्य जा, मोठ्या पदास चढा. उद्या तुमची कचेरी तुम्हांस एखाद्या बागेत घेऊन गेली, तर फाटकाशी जो माणूस उभा असेल त्यास आधी विचारा, आज काय करू? तो ‘आज काही करू नका’ म्हणाला, तर तेही ऐका. आणि घरी आजी-आजोबा असतील, तर त्यांच्याजवळ बसून मूठभर माती दाबून पाहण्याची रीत एकदा शिकून घ्या. आमचे वडील आज नाहीत. ते असते तर ही चूक त्यांस कोणत्या तोंडाने सांगितली असती, हे आम्हांस कळत नाही; पण गेल्या आषाढात बागेतून निघालेली मेथीची पहिली जुडी आम्ही घरी आणून त्यांच्या तसबिरीपुढे ठेविली. हात धुण्याचे त्या दिवशी मुद्दाम राहू दिले होते.